फीबासचा मिलोटिक कसा करावा: नवख्या खेळाडूंसाठी मार्गदर्शक

पोकेमॉन मालिकेत फीबास नावाचा एक मासा आहे. रंग मातकट, पर फाटलेले, अंगावर डाग आणि लढाईत जवळजवळ निरुपयोगी. त्याच्या मूळ गुणांची बेरीज अवघी २०० भरते. हाच फीबास उत्क्रांत होऊन मिलोटिक होतो, तेव्हा ती बेरीज ५४० वर जाते आणि समोर एक लांबसडक, तकतकीत खवल्यांचा जलचर उभा राहतो. खेळातील पोकेडेक्स, म्हणजे पोकेमॉनची नोंदवही, त्याचे वर्णन सर्वांत सुंदर पोकेमॉन असे करतो. या दोन रूपांमधली वाट सरळ नाही. इतर बहुतेक पोकेमॉन ठरावीक लेव्हल गाठली की आपोआप बदलतात. फीबासला कितीही लढाया लढायला लावल्या तरी केवळ लेव्हलच्या जोरावर तो बदलत नाही, आणि नेमक्या याच ठिकाणी नवखे खेळाडू कंटाळून त्याला संगणकाच्या पेटीत टाकून देतात.

कोणत्याही खेळात लक्षात ठेवायची एक गोष्ट आधीच सांगतो. फीबासवर घेतलेली मेहनत त्या एकाच माशाला चिकटते. त्याला खाऊ घातलेले पोकेब्लॉक, म्हणजे गुण वाढवणारे खाद्य, किंवा त्याच्यासोबत चाललेले किलोमीटर दुसऱ्या फीबासकडे वळवता येत नाहीत. म्हणून मासा पकडणे, त्यातून योग्य मासा निवडणे आणि मगच त्याच्यावर मेहनत घेणे हा क्रम मोडू नये. पुढची सगळी माहिती मी याच क्रमाने दिली आहे.

तुमच्या हातात कोणता खेळ आहे, यावर वाट ठरते. फीबास आणि मिलोटिक हे दोघे पहिल्यांदा आले ते रुबी आणि सॅफायर या खेळांत, जे जपानमध्ये २१ नोव्हेंबर २००२ रोजी गेम बॉय अ‍ॅडव्हान्सवर प्रसिद्ध झाले. तिथे, त्यानंतरच्या एमराल्डमध्ये आणि पुढे डायमंड, पर्ल व प्लॅटिनममध्ये फीबासचे 'ब्युटी', म्हणजे सौंदर्याचे गुण वाढवावे लागतात. २०१० च्या ब्लॅक आणि व्हाइटपासून प्रिझम स्केल नावाची वस्तू देऊन अदलाबदल करण्याची पद्धत आली. मोबाइलवरच्या पोकेमॉन गो मध्ये मात्र पायपीट करावी लागते. यांपैकी सर्वांत अवघड आणि माझ्या मते सर्वांत समाधान देणारी वाट पहिली आहे, म्हणून तिच्यासाठी या लेखात अधिक जागा दिली आहे.

रूट ११९ वरचा शोध

रुबी, सॅफायर आणि एमराल्ड हे खेळ होएन या प्रदेशात घडतात. या प्रदेशाची रचना जपानच्या क्युशू बेटावरून घेतलेली आहे आणि त्यात पाणी भरपूर आहे. तरीही फीबास संपूर्ण होएनमध्ये एकाच ठिकाणी मिळतो, ते म्हणजे रूट ११९ वरची लांब नदी. त्या नदीतही तो सर्वत्र नसतो. नदीचे पाणी चौकोनांमध्ये विभागलेले आहे, असे चौकोन चारशेहून अधिक आहेत, आणि त्यांतील फक्त सहा चौकोनांत फीबास असतो. हे सहा चौकोन प्रत्येकाच्या खेळात वेगळे असतात, त्यामुळे दुसऱ्याने काढलेला नकाशा तुमच्या उपयोगाचा नाही.

नदीवर जाण्याआधी दोन गोष्टी हाताशी असाव्यात. पहिली म्हणजे सर्फ, पाण्यावर स्वार होण्याची चाल. पेटलबर्गच्या जिमचा प्रमुख नॉर्मन याला हरवून बिल्ला मिळवल्यावर वॉली या मुलाचे वडील ती चाल देतात. काठावरून काही चौकोनांपर्यंत गळ पोहोचतो, पण नदीचा मधला भाग पाण्यावर स्वार झाल्याशिवाय तपासता येत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे गळ, ज्याचे खेळात ओल्ड, गुड आणि सुपर असे तीन रॉड असतात. इथे नवख्यांचा हमखास गैरसमज होतो, की मासा दुर्मीळ आहे म्हणजे त्याला सुपर रॉडच हवा. प्रत्यक्षात योग्य चौकोनावर फीबास लागण्याची शक्यता तिन्ही रॉडना सारखीच, म्हणजे ५० टक्के असते. उलट ड्यूफर्डमधल्या कोळ्याकडून अगदी सुरुवातीला मिळणारा ओल्ड रॉड या कामासाठी सर्वांत सोयीचा ठरतो, कारण या खेळांत गुड रॉड आणि सुपर रॉड वापरताना मासा ओढण्यासाठी कधी कधी एकापेक्षा जास्त वेळा अचूक क्षणी बटण दाबावे लागते, तर ओल्ड रॉडला ते एकदाच दाबायचे असते. शेकडो वेळा गळ टाकायचा असताना हा फरक फार मोठा होतो.

गळ टाकण्याची कृती एकदा नीट पाहून घ्या. तुमचे पात्र ज्या दिशेला तोंड करून उभे असेल, त्याच्या लगेच पुढचा चौकोन तपासला जातो. तुम्ही स्वतः ज्या चौकोनावर तरंगत आहात तो नव्हे. रॉड वापरल्यावर पडद्यावर एकेक करून ठिपके उमटतात. ठिपके संपल्यावर काहीच लागले नाही असा संदेश आला, तर तो प्रयत्न हिशेबात धरू नये, कारण त्यातून चौकोनाबद्दल काहीच कळत नाही. मासा लागल्याचा संदेश आला की लगेच ए बटण दाबावे. ओल्ड रॉडने मॅजिकार्प किंवा टेंटाकूल निघाला, तर तो त्या चौकोनाविरुद्धचा पुरावा म्हणून धरावा, मात्र एकच पुरावा पुरेसा मानू नये. बरोबर असलेल्या चौकोनावरही निम्म्या वेळा दुसराच मासा निघतो. लागोपाठ तीन मासे निघाले आणि त्यांत फीबास नसला, तरी तो चौकोन खरा असण्याची शक्यता पूर्णपणे संपत नाही, कारण खऱ्या चौकोनावर असे आठात एकदा घडतेच. लागोपाठ चार मासे असे निघण्याची शक्यता तिथे सोळात एक इतकी खाली येते. माझा सल्ला असा, की प्रत्येक चौकोनावर तीन मासे निघेपर्यंत थांबावे आणि मग पुढे सरकावे. चारचा नियम अधिक पक्का आहे, पण चारशेहून अधिक चौकोनांवर तो पाळण्याइतका धीर फार थोड्यांकडे असतो, आणि नदीत असे सहा चौकोन असल्याने एखादा निसटला तरी पुढे दुसरा भेटतो.

शोध विस्कळीत होऊ नये म्हणून शाळेतला आलेख कागद घ्यावा, नदीचा आकार त्यावर ढोबळमानाने उतरवावा आणि तपासून झालेला प्रत्येक चौकोन पेन्सिलीने भरत जावे. दक्षिणेकडच्या टोकापासून सुरुवात करून एका ओळीत डावीकडून उजवीकडे, पुढच्या ओळीत उजवीकडून डावीकडे असे गेले की काही सुटत नाही. पाण्यावर फिरताना आपोआप सुरू होणाऱ्या लढाया रिपेल वापरून टाळता येतात, आणि गळाला लागणाऱ्या माशांवर रिपेलचा परिणाम होत नाही, त्यामुळे ती जरूर वापरावीत.

एमराल्ड खेळणाऱ्यांसाठी एक मोठी सवलत आहे. संघातील पहिल्या पोकेमॉनची क्षमता स्टिकी होल्ड असेल, तर गळाला मासा लागण्याचे प्रमाण बरेच वाढते. एरवी साधारण निम्म्या वेळा गळ रिकामा येतो. रूट ११० वर मिळणाऱ्या गल्पिनमध्ये ही क्षमता असू शकते; त्याच्या दोन संभाव्य क्षमतांपैकी ती एक आहे, म्हणून पकडल्यावर माहितीचे पान उघडून खात्री करावी आणि मगच त्याला पहिल्या जागी ठेवावे.

चौकोन सापडल्यानंतर

फीबास पकडणे अगदी सोपे आहे. तो २० ते २५ लेव्हलच्या दरम्यान असतो आणि साध्या पोके बॉलमध्येही सहज येतो. पहिला मासा हाती लागल्याबरोबर खेळ सेव्ह करावा, पण नदी सोडून जाऊ नये. एकदा चौकोन कळला की तिथे पुन्हा पुन्हा गळ टाकता येतो, आणि योग्य मासा निवडण्याची हीच वेळ असते.

निवडताना पाहायचा तो स्वभाव, म्हणजे खेळातले नेचर. फीबासचे सौंदर्य वाढते ते तुरट चवीच्या, खेळाच्या भाषेत 'ड्राय' पोकेब्लॉकने, आणि प्रत्येक स्वभावाची आवडनिवड ठरलेली असते. मॉडेस्ट, माइल्ड, क्वाएट आणि रॅश या चार स्वभावांना ही चव आवडते, त्यामुळे प्रत्येक पोकेब्लॉकचा परिणाम १० टक्क्यांनी वाढतो. अ‍ॅडमंट, इंपिश, जॉली आणि केअरफुल या चौघांना ती आवडत नाही, तिथे परिणाम तितकाच घटतो. सुदैवाने मिलोटिक लढाईत विशेष हल्ल्यावर, म्हणजे स्पेशल अटॅकवर अवलंबून असतो, आणि मॉडेस्ट स्वभाव नेमका तोच गुण वाढवून त्याला नको असलेला साधा हल्ला कमी करतो. म्हणून मॉडेस्ट मिळाला तर उत्तम. एमराल्डमध्ये पहिल्या जागी सिंक्रोनाइझ क्षमतेचा मॉडेस्ट पोकेमॉन, उदाहरणार्थ रूट १०२ वरचा राल्ट्स, ठेवला तर निम्म्या वेळा जंगली पोकेमॉन त्याच्याच स्वभावाचा निघतो. चौकोन शोधताना गल्पिन पुढे आणि चौकोन सापडल्यावर राल्ट्स पुढे, अशी अदलाबदल करावी.

इथेच एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. ड्यूफर्ड गावात एक मुलगा सध्या कोणता शब्दप्रयोग लोकप्रिय आहे ते सांगतो आणि तुम्हाला नवा सुचवायला लावतो. वरवर पाहता ही एक गंमत वाटते, पण फीबासचे सहा चौकोन याच शब्दप्रयोगाशी जोडलेले आहेत आणि तो बदलला की चौकोनही बदलतात. शोध चालू असताना त्या मुलाशी बोलू नये आणि मित्राच्या खेळाशी रेकॉर्ड मिसळणेही टाळावे. अन्यथा आलेख कागदावरचे सगळे काम वाया जाते. हव्या त्या स्वभावाचा मासा एकाच बैठकीत मिळवण्याचा आग्रह मी धरतो, तो यासाठीच.

तरीही मनासारखा स्वभाव मिळाला नाही, तर नर आणि मादी असे दोन फीबास पकडून रूट ११७ वरच्या डे केअरमध्ये, म्हणजे पोकेमॉन सांभाळणाऱ्या ठिकाणी, ठेवावेत. अंड्यातून फीबासच निघतो. एमराल्डमध्ये मादीला एव्हरस्टोन धरायला दिला तर तिचा स्वभाव पिल्लाकडे जाण्याची शक्यता निम्मी असते. सौंदर्याचे गुण मात्र वारशाने मिळत नाहीत.

पोकेब्लॉकचे गणित

फीबासच्या सौंदर्याचे गुण १७० किंवा त्याहून अधिक झाले पाहिजेत आणि त्यानंतर त्याची एक लेव्हल वाढली पाहिजे, इतकीच अट आहे. अडचण अशी, की पोकेमॉन हवे तितके पोकेब्लॉक खात नाही. प्रत्येक पोकेब्लॉकला चवीसोबत 'फील' नावाचा एक आकडा असतो. खाल्लेल्या सगळ्या पोकेब्लॉकच्या फीलची बेरीज २५५ झाली की त्या पोकेमॉनचे पोट कायमचे भरते. नंतर तो एकही पोकेब्लॉक खात नाही आणि हे उलटवण्याचा कोणताही उपाय नाही. सौंदर्य १५० वर असताना पोट भरले, तर तो फीबास आयुष्यभर फीबासच राहणार.

म्हणून खाऊ घालण्याआधी हिशेब करावा. १७० ला २५५ ने भागले तर उत्तर दोन तृतीयांश येते. याचा अर्थ, पोकेब्लॉकची तुरट चव त्याच्या फीलच्या दोन तृतीयांशाइतकी किंवा त्याहून जास्त असेल, तरच तो पोकेब्लॉक कामाचा. उदाहरणार्थ, फील २१ असेल तर चव किमान १४ हवी, आणि त्याहून थोडी वर असली तर मनाला स्वस्थता. हे दोन्ही आकडे पोकेब्लॉकच्या डबीत दिसतात. चव आणि फील दोन्ही २० असलेले पोकेब्लॉक तेरा वेळा खाऊ घालता येतात, कारण बारानंतर बेरीज २४० असते आणि पोट अजून भरलेले नसते. सौंदर्य तोवर १७० च्या बरेच पुढे गेलेले असते. निळ्या आणि गडद जांभळट रंगाच्या, म्हणजे ब्लू आणि इंडिगो पोकेब्लॉकमध्ये तुरट चव प्रमुख असते, तेव्हा रंगावरूनही पहिली छाननी होते. कमी प्रतीचे पोकेब्लॉक केवळ हाताशी आहेत म्हणून वापरू नयेत. सगळे पोकेब्लॉक आधी तयार करून, आकडे मांडून, मगच पहिला घास भरवावा.

पोकेब्लॉक तयार होतात ते बेरी, म्हणजे खेळातली फळे, घुसळणाऱ्या बेरी ब्लेंडर या यंत्रात. लिलीकोव्ह शहराच्या काँटेस्ट हॉलमध्ये खेळातील पात्रांसोबत ते चालवता येते. यंत्राची सुई तुमच्या खुणेवर येताच बटण दाबायचे असते; जितके नेमके दाबाल तितका वेग वाढतो आणि वेगासोबत चवीची पातळीही. ब्लेंडरवर जितके जास्त जण, तितकी फील कमी येते, म्हणून तीन पात्रे असलेले यंत्र निवडावे. मित्रांसोबत केबल जोडून खेळत असाल तर दोघांनी एकच बेरी घालू नये. तसे केल्यास काळा, कुचकामी पोकेब्लॉक हाती येतो.

बेरीची निवड महत्त्वाची आहे. चेस्टो बेरी सगळीकडे मिळते, पण तिची तुरट चव केवळ १० आहे आणि तिच्यावर सगळी भिस्त ठेवली तर वरचे गणित काठावर येऊन थांबते. कॉर्न बेरीची चव २० आहे, पॅमट्रेची ३०. पॅमट्रे मिळवण्याची एक खात्रीची जागा आहे: रूट १२३ वर बेरी मास्टरचे घर आहे, तिथे त्याच्या पत्नीला 'चॅलेंज' आणि 'काँटेस्ट' हे दोन शब्द याच क्रमाने सांगितले की ती पॅमट्रे देते. ही बेरी थेट ब्लेंडरमध्ये टाकू नये. ती मऊ मातीत लावावी, प्रत्येक टप्प्यावर पाणी घालावे, आलेल्या फळांतून पुन्हा लागवड करावी आणि पुरेसा साठा झाल्यावरच पोकेब्लॉक करायला घ्यावेत. याला खेळातले नव्हे तर घड्याळातले दिवस लागतात.

जुनी कार्ट्रिज विकत घेणाऱ्यांनी इथे एक तपासणी करावी. या तिन्ही खेळांच्या कार्ट्रिजमध्ये घड्याळासाठी छोटी बॅटरी असते. ती संपलेली असेल तर खेळ सुरू होताना तसा संदेश येतो. बाकी खेळ व्यवस्थित चालतो, परंतु बेरीची झाडे वाढायची थांबतात. ही सीआर १६१६ जातीची बॅटरी डाग देऊन बसवलेली असते, त्यामुळे ती बदलण्याचे काम इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीचा हात असलेल्याकडेच द्यावे. बॅटरी चालू आहे का, हे विक्रेत्याला व्यवहाराआधी विचारलेले चांगले.

सौंदर्य १७० च्या पुढे गेल्यावर लढाईने किंवा रेअर कँडीने एक लेव्हल वाढवावी आणि फीबास मिलोटिक होईल. यात दिरंगाई करू नये. फीबास स्वतःहून स्प्लॅश, टॅकल आणि फ्लेल यांपलीकडे फारसे काही शिकत नाही, तर रिकव्हरसारखी स्वतःचे बळ भरून काढणारी मोलाची चाल मिलोटिक लेव्हल वाढताना शिकतो.

मिलोटिकचा लढाईतला उपयोग

मिलोटिकचे बळ आक्रमणापेक्षा टिकून राहण्यात अधिक आहे. त्याचा विशेष बचाव १२५ आणि विशेष हल्ला १०० आहे, तर साधा हल्ला जेमतेम ६०. त्यामुळे त्याला सर्फ, आइस बीम आणि रिकव्हर या तीन चाली द्याव्यात आणि चौथी आपल्या संघाच्या गरजेनुसार ठरवावी. आइस बीमचे टीएम, म्हणजे ती चाल शिकवणारी वस्तू, रूट १०८ वरच्या सोडून दिलेल्या जहाजात मिळते. गवत प्रकारच्या पोकेमॉनसमोर मिलोटिक कमकुवत असतो, तिथे आइस बीम कामी येते. विजेच्या हल्ल्यांवर मात्र त्याच्याकडे स्वतःचे उत्तर नाही, म्हणून संघात जमीन प्रकारचा एक सोबती असावा. मार्व्हल स्केल ही त्याची क्षमताही समजून घ्यावी. विष, भाजणे किंवा पक्षाघात झाला की त्याचा साधा बचाव दीडपट होतो, त्यामुळे अशी बाधा झाल्याबरोबर घाईने औषध देणे नेहमीच शहाणपणाचे नसते.

हा पोकेमॉन नीट वापरला तर काय होते, हे खेळातच पाहायला मिळते. रुबी आणि सॅफायरमध्ये सूटोपोलिसचा जिम लीडर आणि एमराल्डमध्ये थेट चॅम्पियन असलेला वॉलेस मिलोटिक बाळगतो. डायमंड आणि पर्लमधली चॅम्पियन सिंथिया हिच्या संघातही तो आहे. पोकेब्लॉकवर घेतलेली मेहनत आणखी एका ठिकाणी कामी येते. वाढवलेले सौंदर्य उत्क्रांतीनंतर नाहीसे होत नाही, त्यामुळे ब्युटी काँटेस्टमध्ये तोच मिलोटिक उतरवता येतो.

डायमंड, पर्ल आणि त्यानंतरचे खेळ

सिनो प्रदेशातील डायमंड, पर्ल आणि प्लॅटिनममध्ये फीबास कोरोनेट पर्वताच्या पोटातील तलावात असतो. तिथे चारच चौकोन असतात आणि ते दररोज बदलतात. त्यामुळे आलेख कागद एका दिवसापुरताच उपयोगी पडतो, आणि शोध अर्धवट टाकून दुसऱ्या दिवशी पुढे चालू ठेवण्यात अर्थ नाही. जेवढा वेळ एका बैठकीत काढता येईल, तेवढा असेल तेव्हाच सुरुवात करावी. चौकोन सापडला की हवे तितके मासे त्याच दिवशी पकडून घ्यावेत. पोकेब्लॉकच्या जागी इथे पॉफिन आहेत, ते हार्थोम शहरात शिजवले जातात, आणि १७० ची अट तशीच आहे. स्वभाव आणि चवीबद्दल वर लिहिलेले सर्व इथेही लागू पडते.

प्रिझम स्केलची पद्धत थोडक्यात सांगता येते. फीबासच्या हातात प्रिझम स्केल द्यायचे आणि त्याची दुसऱ्या खेळाडूशी अदलाबदल करायची; पलीकडे पोहोचताच तो मिलोटिक होतो. मग तो परत मागून घ्यायचा. हे विश्वासातल्या माणसासोबतच करावे, कारण अदलाबदल पूर्ण झाल्यावर मिलोटिक कायद्याने त्याचाच असतो आणि परत मिळण्याची हमी खेळ देत नाही. स्कार्लेट आणि व्हायोलेट खेळणाऱ्यांना फीबास मूळ खेळात नव्हे, तर सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या द टील मास्क या जोडभागातील किटाकामी प्रदेशात मिळतो. शेजारी बसलेल्या मित्राशी स्थानिक जोडणीने अदलाबदल करता येते. इंटरनेटवरून करायची असेल तर निन्टेन्डोची सशुल्क ऑनलाइन सेवा लागते.

पोकेमॉन गो मधली पायपीट

भारतात हा खेळ डिसेंबर २०१६ मध्ये रीतसर उपलब्ध झाला आणि मराठी खेळाडूंपैकी अनेकांची फीबासशी पहिली गाठ याच खेळात पडते. इथे अट दुहेरी आहे: फीबासच्या १०० कँडी जमवायच्या आणि त्या विशिष्ट फीबासला बडी, म्हणजे चालतानाचा सोबती, करून २० किलोमीटर चालायचे.

कँडीचा हिशेब आधी करू. एक फीबास पकडला की ३ कँडी मिळतात, पिनॅप बेरी भरवून पकडला तर ६, आणि नको असलेला मासा प्रोफेसरकडे पाठवला की आणखी १. त्यातच बडी म्हणून फीबास दर ५ किलोमीटरला एक कँडी शोधून आणतो, म्हणजे २० किलोमीटरच्या चालीत ४ कँडी आपोआप जमतात. उरलेल्या ९६ कँडींसाठी, प्रत्येक माशाला पिनॅप भरवला आणि एक ठेवून बाकीचे पाठवून दिले, तर साधारण चौदा मासे पुरतात. पिनॅपविना चोवीसच्या आसपास लागतात. तेव्हा पिनॅप बेरी जपून ठेवाव्यात आणि फीबास समोर आला की न चुकता वापराव्यात.

या खेळात खऱ्या हवामानाचा परिणाम होतो. पाऊस पडत असताना पाणी प्रकारचे पोकेमॉन अधिक संख्येने दिसतात आणि अधिक लेव्हलचे मिळतात. महाराष्ट्र आणि गोव्यात जून ते सप्टेंबरचा काळ म्हणून या कामासाठी चांगला आहे. मात्र फोनकडे पाहत निसरड्या रस्त्यावरून चालू नये. मासे पकडण्यासाठी आडोशाला थांबावे, आणि चालण्याचे अंतर मोजायला खेळ उघडा ठेवण्याची गरजच नाही. सेटिंगमध्ये अ‍ॅडव्हेंचर सिंक चालू करून फोनला पावलांची माहिती वापरण्याची परवानगी दिली, की फोन खिशात असतानाही अंतर जमा होते. दुचाकीवर किंवा लोकलमध्ये बसून कापलेले अंतर धरले जात नाही, त्यामुळे त्यावर विसंबू नये. रोज दोन किलोमीटर चालणाऱ्याला दहा दिवस लागतील.

बडी कोणाला करायचे, हे पहिल्या दिवशी ठरवू नये. आधी दहाबारा मासे जमू द्यावेत, प्रत्येकाचे अप्रेझल, म्हणजे गुणांचे मूल्यमापन, उघडून तीन पट्ट्या पाहाव्यात आणि त्यांतला सर्वांत भरलेला मासा निवडावा, कारण हे गुण मिलोटिक झाल्यावरही तसेच राहतात. मधल्या काळात दुसरा बडी घेतला तरी आधीचे अंतर त्या फीबासच्या नावावर राहते, पण उत्क्रांतीच्या वेळी त्यालाच बडी ठेवणे सुरक्षित. माशाच्या पानावर उत्क्रांतीच्या बटणाजवळ किती किलोमीटर झाले ते दिसते. तो आकडा २० झाल्यावरच कँडी खर्च करावी.

पोकेमॉनची ताकद वाढवणारे स्टारडस्ट ओतण्याआधी अपेक्षा नीट ठरवाव्यात. या खेळात मिलोटिकचा हल्ला १९२ आणि बचाव २१९ आहे, तर ४०० कँडींनी मिळणाऱ्या ग्याराडोसचा हल्ला २३७. रेडमध्ये, म्हणजे बलाढ्य पोकेमॉनविरुद्धच्या सामूहिक लढाईत, झपाट्याने नुकसान करणारा पाणी प्रकारचा पोकेमॉन हवा असेल, तर मिलोटिक ती जागा भरून काढत नाही. जिमच्या रक्षणासाठी तो चांगला आहे आणि संग्रहासाठी तर हवाच. वॉटरफॉल आणि सर्फ ही जोडी मिळाली की चाली बदलण्यात वस्तू खर्च करू नयेत.

गो मधला मिलोटिक पोकेमॉन होम या सेवेतून स्कार्लेट किंवा व्हायोलेटमध्ये नेता येतो. एकदा होममध्ये गेलेला पोकेमॉन गो मध्ये परत येत नाही. तेव्हा २० किलोमीटर चालून मिळवलेला मिलोटिक पाठवण्याआधी जिमसाठी दुसरा तयार आहे ना, हे पाहून घ्यावे. तो करायचा असेल तर पुढच्या फीबासला आजच बडी करता येईल.